विग, पोलाद आणि एक सही : दक्षिण कोरियाचं प्रकरण, 1961 ते 1987

आपल्याकडे पूर्वी गल्लीबोळांतून 'केसांवर फुगे' अशी हाळी देत फेरीवाला फिरायचा. 1960 च्या दशकात कोरियाच्या खेड्यांतूनही केस गोळा करणारे फिरत. बदल्यात गोड वडी नाहीतर रोख पैसे देत. ते केस शहरातल्या कारखान्यांत जात. तिथे कोवळ्या वयाच्या मुली एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायच्या आणि तयार झालेला विग अमेरिकेला रवाना व्हायचा. 1965 मध्ये अमेरिकेने चिनी केसांच्या विगवर बंदी घातली आणि कोरियाचं नशीब उघडलं. 1970 च्या आसपास विग हा देशाच्या निर्यातीतल्या अगदी वरच्या मालांपैकी एक होता.

'हुकूमशाहीशिवाय झपाट्याने विकास होत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या हातात दक्षिण कोरिया हा हुकमाचा एक्का असतो, आणि तो पत्ता खोटा नाही. 16 मे 1961 रोजी मेजर जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता घेतली, तेव्हा दरडोई उत्पन्न वर्षाला शंभर डॉलरच्या आत होतं. 26 ऑक्टोबर 1979 रोजी त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर त्यांना गोळी घातली, तेव्हा ते दीड हजार डॉलरच्या पुढे गेलं होतं. मधल्या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास वाढली. प्रश्न एवढाच की या वेगातला किती भाग हुकूमशाहीच्या खात्यावर टाकायचा. त्यासाठी यंत्र उघडून त्याचा एकेक भाग बघावा लागतो.

आधीची शिदोरी

पहिला भाग पार्क यांच्या आधीचा आहे. निवडून आलेल्या संसदेने 1949 मध्ये जमीन सुधारणा कायदा केला आणि 1950 मध्ये तो अमलात यायला लागला. जमीनधारणेची मर्यादा साधारण 3 हेक्टर ठरली. कुळाने जमिनीची किंमत म्हणून एका वर्षाच्या मुख्य पिकाच्या दीडपट रक्कम पाच वर्षांच्या हप्त्यांत भरायची, म्हणजे वर्षाला पिकाच्या 30 टक्के. पूर्वी अर्धं पीक खंडात जायचं. जमीनदारांना सरकारी रोखे मिळाले आणि कोरियन युद्धाच्या (1950-53) काळातल्या महागाईने त्या रोख्यांचा कागद झाला. मुंबई राज्यातला 1948 चा कुळकायदा आणि 1957 चा कृषकदिन आठवला तर हेतू ओळखीचा वाटेल. फरक असा की तिथे गावातली जुनी सत्ता युद्धाने आधीच खिळखिळी झाली होती आणि पळवाटा काढायला फारसं कुणी शिल्लक नव्हतं. हा कायदा रेटणारे कृषिमंत्री चो बोंग-आम यांना पुढे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या सरकारने 1959 मध्ये फाशी दिलं.

दुसरी शिदोरी शाळेची. 1950 चं दशक संपता संपता बहुतेक सगळी मुलं प्राथमिक शाळेत जात होती. विगच्या कारखान्यातली मुलगी कामाची चिठ्ठी वाचू शकत होती, ती या शाळांमुळे. तिसरी शिदोरी अमेरिकन मदतीची. त्या दशकातल्या आयातीचा मोठा हिस्सा तिच्यावरच चालला होता.

पहिली दोन वर्षं

हाती अनिर्बंध सत्ता होती तेव्हाच पार्क यांचं गाडं सगळ्यात जास्त रुतलं, हे सहसा कुणी सांगत नाही. सत्ता हाती येताच त्यांनी बड्या व्यापाऱ्यांना 'बेकायदा संपत्ती'च्या आरोपाखाली धरलं. सॅमसंगचे ली ब्यूंग-चुल तेव्हा टोकियोत होते. परत आल्यावर त्यांनी पार्क यांना पटवलं की यांना तुरुंगात घालून काही हाती लागणार नाही. तडजोड अशी झाली की दंड भरायचा तो कारखाने उभारून. याच मोहिमेत त्यांच्याकडचे बँकांचे समभाग सरकारजमा झाले आणि देशातलं सगळं कर्जवाटप एका हाताखाली आलं. जुलै 1961 मध्ये आर्थिक नियोजन मंडळ स्थापन झालं. पुढे त्याच्या प्रमुखाला उपपंतप्रधानाचा दर्जा मिळाला, म्हणजे अर्थसंकल्प आणि योजना एकाच टेबलावर आल्या.

मग जून 1962 मध्ये त्यांनी एका रात्रीत चलन बदललं. दहा जुन्या ह्वानला एक नवा वॉन असा दर लावून बँकांतल्या ठेवी गोठवल्या. लोकांनी दडवलेला पैसा बाहेर येईल आणि तो उद्योगांत वळवता येईल असा अंदाज होता. दडवलेला पैसा फारसा निघाला नाही. कच्च्या मालासाठी रोकड न उरल्याने कारखाने मात्र अडले. मदतीचा नळ अमेरिकेच्या हातात होता. तिने दम भरल्यावर काही आठवड्यांत ठेवी मोकळ्या कराव्या लागल्या. त्यात पीक बुडालं, भाव भडकले. 1963 च्या निवडणुकासुद्धा मुख्यतः वॉशिंग्टनच्या दबावामुळे झाल्या. पार्क त्या सुमारे 1 लाख 56 हजार मतांनी, म्हणजे कसेबसे, जिंकले.

खरी झेप त्यानंतरची. 1963 ते 1971 या काळात तीन अध्यक्षीय निवडणुका झाल्या. त्या निर्मळ नव्हत्या: गुप्तचर खातं मागे होतं, आणि तिसऱ्यांदा उभं राहता यावं म्हणून 1969 मध्ये विरोधकांना चुकवून पहाटे घटनादुरुस्ती उरकली गेली. तरी 1971 मध्ये विरोधी उमेदवार किम दे-जुंग यांनी 45 टक्के मतं मिळवली. पार्क यांनी संपूर्ण हुकूमशाही लादली ती ऑक्टोबर 1972 मध्ये, 'युशिन' राज्यघटनेने: थेट निवडणूक बंद, कारकिर्दीला मर्यादा नाही, एक तृतीयांश खासदार अध्यक्षाच्या मर्जीतले. वाढीचा वेग या रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच आहे. हुकूमशाहीमुळे वेग आला असता, तर 1972 नंतर आलेख वर उसळायला हवा होता.

निर्यातीचं यंत्र

वेग कुठून आला ते इथे दिसतं. मे 1964 मध्ये वॉनचा दर डॉलरला 130 वरून 255 वर नेला. 1965 मध्ये ठेवींवरचा व्याजदर दुप्पट करून 30 टक्क्यांपर्यंत चढवला, म्हणून घराघरांतला पैसा बँकेत आला. कर्ज महाग झालं, पण निर्यातदाराला नाही.

निर्यातदार परदेशी खरेदीदाराचं पतपत्र, म्हणजे एल.सी., घेऊन बँकेत जायचा. पतपत्रातल्या प्रत्येक डॉलरमागे ठरलेले वॉन कर्ज म्हणून आपोआप मिळायचे, 6 ते 6.5 टक्क्यांनी. शेजारच्या खिडकीवर साधा उद्योजक त्याच कर्जाला 24 ते 26 टक्के मोजत असायचा. कच्चा माल विनाशुल्क आणता यायचा. त्यात 'घट' धरलेली असायची आणि ती मुद्दाम सढळ ठेवलेली: शंभर किलो सुतात प्रत्यक्षात पाच किलो वाया जाणार असेल, तर कागदावर त्याहून कितीतरी जास्त मंजूर व्हायचं आणि उरलेलं सूत देशातल्या बंदिस्त बाजारात चढ्या भावाने विकायला मोकळीक असायची. शर्ट शिवणाऱ्याला बटणं पुरवणारा स्वतः निर्यात करत नसला, तरी 'स्थानिक एल.सी.'च्या आधारे त्यालाही हीच सवलत मिळायची, त्यामुळे पैसा बड्या घराण्यांपाशी न अडता खालच्या पुरवठादारापर्यंत झिरपला.

निर्यातीसाठी दर महिन्याला बैठक. 1965 पासून पार्क स्वतः अध्यक्षस्थानी बसत आणि मृत्यूपर्यंत क्वचितच गैरहजर राहिले. मालागणिक, देशागणिक, वकिलातीगणिक उद्दिष्टं भिंतीवर असत. उद्योजक समोर बसत. गोदीत माल अडकला, वीज गेली, नमुन्याचं पार्सल कस्टमने फोडलं अशी तक्रार तिथेच व्हायची आणि संबंधित मंत्र्याला तिथेच उत्तर द्यावं लागायचं. 1964 च्या 30 नोव्हेंबरला वर्षाची निर्यात 10 कोटी डॉलरवर गेली म्हणून तो 'निर्यात दिन' ठरला. 1970 मध्ये 100 कोटींचा टप्पा, 1977 मध्ये 1,000 कोटींचा.

हे सगळं अनुदानच होतं, आणि अनुदान हा तर भ्रष्टाचाराचा राजमार्ग. इथे ते कुजलं नाही, कारण परीक्षेचा पेपर देशाबाहेर काढला जात होता. सोलमधल्या बँक मॅनेजरला धमकावता येत होतं, वर्तमानपत्राच्या संपादकाला उचलता येत होतं. न्यूयॉर्कच्या दुकानदाराला विग घ्यायला भाग पाडता येत नव्हतं. विग उसवला की पुढची ऑर्डर नाही, ऑर्डर नाही म्हणजे एल.सी. नाही, एल.सी. नाही म्हणजे स्वस्त कर्ज नाही. लबाड्या होत्याच. उद्दिष्ट गाठायला कंपन्या तोट्यात निर्यात करत आणि तो तोटा देशी गिऱ्हाइकाकडून वसूल करत.

भारत त्याच काळात मागे पडला, त्याचं खापर मतपेटीवर फोडलं जातं. पण आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते, ते निवडणुकांमुळे नव्हे. जास्त स्कूटर बनवायला सरकारी परवाना लागत होता म्हणून. संरक्षण दोन्ही देशांत होतं. बाहेरची परीक्षा फक्त एकीकडे होती.

पोहांग

पोहांग या बंदरातल्या पोलाद कारखान्याची गोष्ट हुकूमशाहीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून सांगितली जाते. 1 एप्रिल 1970 ला बांधकाम सुरू, 3 जुलै 1973 ला पूर्ण: 39 महिने, क्षमता वर्षाला 10.3 लाख टन. समुद्रकाठच्या वस्त्या हलवल्या गेल्या, त्यात ख्रिस्ती जोगिणींचा एक मठसुद्धा होता. विचारायची पद्धत नव्हती.

फक्त 39 महिने मोजायला सुरुवात होते ती एप्रिल 1970 पासून. पोलादाचा प्रकल्प पहिल्या पंचवार्षिक योजनेतही होता, पैशाअभावी बारगळला. मग पाश्चात्त्य कंपन्यांचा एक संघ जमला आणि जागतिक बँकेने प्रतिकूल मत दिल्यावर 1969 मध्ये मोडला. शेवटी पैसा आला तो जपानकडून, 1945 पर्यंत कोरिया ज्याची वसाहत होता त्या देशाकडून. जून 1965 च्या करारात 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर सवलतीचं कर्ज ठरलं होतं. या 50 कोटींपैकी जवळपास 12 कोटी पोहांगला वळवले. या कराराविरुद्ध सोलमध्ये इतकी निदर्शनं झाली होती की 1964 मध्ये लष्करी कायदा लावावा लागला. निवडून आलेल्या सरकारला वसाहतकाळाचा हिशेब इतक्या कमी रकमेत मिटवता आला असता का, याबद्दल शंका आहे. इथे पार्क यांच्या बाजूला एक गुण द्यायला हरकत नाही, जरी त्याची किंमत सक्तीच्या मजुरीत राबलेल्या कोरियनांच्या दाव्यांनी चुकवली.

कंपनीचे प्रमुख पाक ते-जून यांची अडचण वेगळीच होती. यंत्रं कुणाकडून घ्यायची यात सत्ताधारी पक्षाचे लोक टक्केवारी मागत होते. फेब्रुवारी 1970 मध्ये त्यांनी खरेदीचे अधिकार कंपनीकडेच असावेत असं एका कागदावर लिहून राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवलं. पार्क यांनी कोपऱ्यात सही केली. पुढे कुणी आडवं आलं की तो कागद दाखवायचा. 1977 मध्ये वीजकेंद्राच्या पायातलं काँक्रीट सदोष निघालं. काम 80 टक्के झालं होतं. पाक यांनी ते सुरुंग लावून उडवलं आणि पुन्हा बांधायला लावलं. कंत्राटदाराची ओळख मंत्र्यापर्यंत असली तरी इथे चालली नाही, कारण कागद त्याहून वरचा होता.

म्हणजे पोहांग नीट चाललं ते राजवटीच्या सर्वसाधारण रीतीमुळे नव्हे, त्या रीतीतून सूट मिळाल्यामुळे. अशी सही प्रत्येक कारखान्याला मिळत नाही. सोल ते बुसान हा 428 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग 1968 ते 1970 या अडीच वर्षांत झाला. 77 माणसं कामावर मेली, डांबराचा थर पातळ ठेवला होता आणि उद्घाटनानंतर डागडुजीचं काम सुरूच राहिलं.

3 ऑगस्ट 1972

हुकूमशाही नेमकी कुठे कामाला आली ते या तारखेत सापडतं. कंपन्या कर्जात बुडाल्या होत्या. बँकेतून मिळालं नाही की त्या खासगी बाजारातून उचलत. या बाजारात आपल्या भिशीसारख्या मंडळ्यांतली बचत होती, निवृत्तांची पुंजी होती, दुकानदारांचा गल्ला होता. सरकारने रात्रीतून फर्मान काढलं: कंपन्यांना दिलेलं सगळं खासगी कर्ज नोंदवा, आजपासून व्याज महिन्याला 1.35 टक्के, पहिली तीन वर्षं मुद्दल मागायचं नाही, पुढच्या पाच वर्षांत हप्त्याने मिळेल. पूर्वीचं व्याज याच्या दुपटी-तिपटीत होतं. अगदी लहान रकमांना पुढे सूट मिळाली. नोंद झाली सुमारे 34,500 कोटी वॉनची, देशातल्या चलनपुरवठ्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. सगळ्यात बोचरी गोष्ट नंतर उघड झाली. यातला एक तृतीयांशाच्या आसपास पैसा कंपन्यांच्या मालकांचाच होता. स्वतःच्याच कंपनीला चढ्या व्याजाने कर्ज देऊन ते मागच्या दाराने नफा काढत होते.

असा निर्णय संसदेतून जाणं अवघड. कंपन्या वाचल्या, गुंतवणूक पुन्हा उसळली. पण बड्या घराण्यांनी, म्हणजे चेबोलनी, एक धडा घेतला: कर्ज पुरेसं मोठं असलं की सरकार बुडू देत नाही. 1997 च्या जानेवारीत हान्बो ही पोलाद कंपनी कोसळली आणि डिसेंबरात देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला, तेव्हा बड्या चेबोलांवर भांडवलाच्या चार-पाच पट कर्ज होतं. सवय जुनी होती. ती मोडायला लोकशाही सरकारांनीही दहा वर्षं घालवली, हेही नोंदवायला हवं.

जानेवारी 1973 मध्ये पार्क यांनी अवजड आणि रसायन उद्योगांची घोषणा केली. इथे बाहेरची परीक्षा सुटली. टर्बाइन, जनित्रं, अवजड यंत्रं यांना परदेशी गिऱ्हाईक आधीपासून नव्हतं. उद्दिष्ट ठरलं ते वरून. महागाईपेक्षा कमी व्याजाने पैसा ओतला गेला. दशकाच्या शेवटी कारखानदारीतल्या गुंतवणुकीचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा या उद्योगांत होता, आणि विग-कपडे-बूट बनवणाऱ्यांना कर्ज मिळेना. उल्सानची जहाजगोदी तरली, कारण तिला ग्रीक जहाजमालकाची ऑर्डर होती. चांगवॉनचा अवजड यंत्रांचा अवाढव्य कारखाना क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर कण्हत राहिला. 1980 मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. त्या वर्षी महागाई 29 टक्क्यांच्या जवळ गेली आणि अर्थव्यवस्था आकसली. खनिज तेलाचे भाव कारण होतेच. पण आर्थिक नियोजन मंडळातल्या अर्थतज्ज्ञांना जे आधीपासून दिसत होतं, ते भिंतीवरच्या उद्दिष्टांसमोर बोलायची सोय नव्हती.

पोटमाळ्यावर

मजुरी स्वस्त राहिली ती आपोआप नाही. सोलच्या पीस मार्केटमध्ये शिलाईच्या खोल्यांना आडवा माळा घालून दोन मजले केले होते. वरच्या मजल्यावर मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नव्हतं. मुली चौदा-चौदा तास बसत, झोप येऊ नये म्हणून गोळ्या खात. 1953 पासून श्रम मानक कायदा होता, कागदावर. चोन ते-इल या 22 वर्षांच्या कामगाराने तो वाचला, तपासनिसांकडे अर्ज केले, हाती काही लागलं नाही. 13 नोव्हेंबर 1970 रोजी त्याने बाजारातच स्वतःला पेटवून घेतलं.

आणि पुन्हा विग. 1966 मध्ये सुरू झालेली वाय.एच. ही विग कंपनी 1979 मध्ये मालकाने बंद केली. पैसा अमेरिकेत गेला होता. ऑगस्टमध्ये सुमारे 190 कामगार मुली विरोधी पक्षाच्या मुख्यालयात जाऊन बसल्या. पोलिसांनी मध्यरात्रीनंतर आत घुसून त्यांना ओढून काढलं. एक मुलगी मेली. पक्षनेते किम यंग-साम यांनी आवाज उठवला तर त्यांना संसदेतून काढलं. ते बुसानकडचे. ऑक्टोबरच्या मध्यात बुसान आणि मासान पेटलं. त्यात विद्यार्थी होते, तसे 1977 च्या मूल्यवर्धित कराने गांजलेले छोटे दुकानदारही. रणगाडे पाठवायचे की नमतं घ्यायचं या वादात दहा दिवसांनी ती गोळी सुटली.

पार्क यांच्यानंतर सत्ता बळकावणारे जनरल चुन डू-ह्वान यांनी मे 1980 मध्ये ग्वांग्जू शहरातला लोकशाहीवाद्यांचा उठाव चिरडायला सैन्य घातलं. महागाई त्यांच्या काळात आटोक्यात आली, हे खरं. पण 1985 मध्ये त्यांच्या सरकारने कुक्जे हा देशातला सहाव्या-सातव्या क्रमांकाचा उद्योगसमूह बँकांकरवी मोडून वाटून टाकला. लोक म्हणत, वर देणग्या पुरेशा पोचल्या नाहीत म्हणून. 1993 मध्ये घटना न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली. तोवर समूह उरला नव्हता.

जून 1987 च्या लोकशाहीसाठीच्या आंदोलनानंतर थेट निवडणूक परत आली. त्या उन्हाळ्यात तीन हजारांहून अधिक संप झाले, मजुरी भराभर वाढली. देश आता थांबेल असं भाकीत झालं. पुढची दहा वर्षं वाढ 8 टक्क्यांच्या आसपासच राहिली आणि दरडोई उत्पन्न 12 हजार डॉलरच्या पुढे गेलं.

शेजारचा अर्धा देश

हुकूमशाहीच हे घडवते असं मानायचं, तर याच द्वीपकल्पाचा उत्तर भाग काय सांगतो? लोक तेच, भाषा तीच, वसाहतकाळ तोच. सुरुवातीला पारडं उत्तरेचंच जड होतं: अवजड उद्योग, खतं, जलविद्युत सगळं तिकडे. मे 1948 मध्ये उत्तरेने विजेच्या तारा तोडल्या आणि दक्षिण अंधारात गेली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उत्तर मागे नव्हती. हुकूमशाही तिकडे जास्त कडक होती, योजना जास्त सविस्तर होत्या, उद्दिष्टं जास्त मोठी होती. फक्त विग परत पाठवणारं गिऱ्हाईक नव्हतं. 1990 च्या दशकात तिथे लाखो माणसं भुकेने मेली.

पोहांगचीच कंपनी, आता पोस्को, 22 जून 2005 रोजी ओडिशात 120 लाख टनांच्या कारखान्याचा करार करून गेली. जगतसिंगपूरच्या धिनकिया परिसरातल्या पानमळेवाल्यांनी बारा वर्षं जागा सोडली नाही. मार्च 2012 मध्ये हरित न्यायाधिकरणाने पर्यावरण परवानगी स्थगित केली. 'बघा, लोकशाही' म्हणून हे उदाहरण फेकलं जातं. पण या प्रकल्पाचं गणित सवलतीने मिळणाऱ्या लोहखनिजावर बेतलेलं होतं, आणि 2015 मध्ये कायदा बदलून खाणींचा लिलाव सक्तीचा झाल्यावर ते कोलमडलं. पोहांगचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची खाण नव्हती. त्याचं खनिज बोटीने येत असे. ओडिशातून पाय काढण्याआधीच त्याच कंपनीने रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या विळे-भागाड औद्योगिक क्षेत्रात, 18 लाख टनांचा पोलादी पत्र्यांचा कारखाना चालू केला होता. जमीन एमआयडीसीची होती आणि पत्रा घेणारे वाहन कारखाने पुण्याकडे, घाट चढून गेलं की लगेच.